चूक गाडीची की माझी? जुनी मोटरसायकल घेतलेल्या नवशिक्याला उत्तर

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं. लायसन्स हातात येऊन दोन महिने झालेत, त्याआधी सायकलीपलीकडे काही चालवलेलं नाही. घेतलीय मात्र ३५ वर्षं जुनी, एका सिलिंडरची, फोर स्ट्रोक, पॉइंटवाली (म्हणजे ठिणगीची वेळ ठरवणारा जुन्या पद्धतीचा उघडमीट करणारा स्विच असलेली), किकने सुरू होणारी मोटरसायकल. चौकात थांबलात की ती बंद पडते. वीसेक मिनिटं चालली की मध्येच गप्प होते आणि तेवढाच वेळ थंड झाल्याशिवाय किक घेत नाही. विकणारा म्हणाला होता, ‘जुन्या गाडीची सवय व्हावी लागते.’ शेवटी तुमचे दोन प्रश्न: चूक माझी होतेय की गाडीची? आणि विकून टाकू का?

मी २५ वर्षांहून जास्त काळ जुन्या गाड्या उघडतोय, जोडतोय आणि चालवतोय. तुमच्या दोन प्रश्नांतला पहिलाच खरा. दुसऱ्याचं उत्तर त्याच्या पोटातून निघेल.

माझी पहिली गाडी माझ्याहून वयाने मोठी होती. शिकून जेमतेम महिना झाला असेल. थांबलेल्या जागेवरून डावीकडे वळायला गेलो की इंजिन बंद. सरळ निघालो तर काही नाही, उजवीकडे वळलो तरी काही नाही. मित्रमंडळींनी निदान करून टाकलं की मी क्लच घाईने सोडतो. मलाही पटलं, कारण क्लच घाईने सोडायचोच मी. महिनाभर रिकाम्या मैदानात नुसता क्लचचा सराव केला. क्लच सुधारला, बंद पडणं होतं तिथेच. एका संध्याकाळी गाडी स्टँडवर सुरू ठेवून हेडलाइटची काच पुसत होतो. पुसताना हँडल जरा डावीकडे ढकललं गेलं आणि इंजिन गप्प. क्लचला हात नाही, गिअर न्यूट्रलमध्ये, मी तर गाडीवरसुद्धा नाही! पुन्हा किक मारली, पुन्हा हँडल ढकललं, पुन्हा गप्प. हँडलच्या मुळाशी वायरिंगचा जुडगा फ्रेमच्या गळ्याला वळसा घालून जातो, तिथे इग्निशनची एक वायर आतल्या आत तुटली होती. वरचं प्लास्टिक धडधाकट, आतली तांब्याची दोन टोकं एकमेकांना नुसती टेकलेली. हँडल डावीकडे गेलं की टोकं दूर व्हायची.

उलटा किस्साही सांगतो. एक तरुण माझ्याकडे गाडी घेऊन आला तेव्हा तिचा कार्ब्युरेटर (हवा आणि पेट्रोल मिसळणारा भाग) वेगवेगळ्या हातांनी तीनदा उघडून झाला होता. तक्रार अशी की दहा मिनिटांत गाडी गुदमरते, काळा धूर टाकते, प्लग काजळीने भरतो. मी त्याला म्हटलं, माझ्यासमोर सुरू करून दाखव. त्याने चोकची (थंड इंजिन सुरू व्हायला पेट्रोलचं प्रमाण वाढवणाऱ्या सोयीची) दांडी वर केली, किक मारली, गाडी लागली आणि थोड्या वेळाने त्याने ती ‘बंद’ केली, म्हणजे खाली दाबली. त्या कार्ब्युरेटरला चोक दांडी खाली असताना लागत होता. आधी चालवलेल्या गाडीवर उलटं होतं, एवढंच. पठ्ठ्या महिनाभर चोक लावून फिरत होता.

दोन्हीकडे घोळ एकच. जुनी गाडी ही एक अज्ञात गोष्ट, नवा चालक ही दुसरी. दोन्ही एकत्र आल्या की बिघाड कुठला आणि चूक कुठली हे वेगळं काढता येत नाही. मुरलेल्या चालकाला गाडी हातात आल्या आल्या कळतं की क्लच जास्त वर धरतोय किंवा पुढचा ब्रेक लाकडासारखा आहे, कारण त्याच्या हातात आधीच्या दहा गाड्यांची आठवण असते. तुमच्या हातात ती अजून नाही. तुमच्यासाठी हीच गाडी म्हणजे ‘मोटरसायकल’. ती जशी वागेल तसंच वागायचं असतं, असा तुमचा समज होणार.

म्हणून पहिला उपाय पान्याचा नाहीच, अदलाबदलीचा आहे. अनुभवी आणि भरवशाचा एखादा चालक गाठा. त्याला तुमची गाडी अर्धा तास चालवू द्या आणि तुम्ही त्याची, शक्यतो साधी, हलकी आणि नीट राखलेली गाडी मोकळ्या जागेत चालवा. त्याच्या हातातही तुमची गाडी चौकात बंद पडली तर दोष गाडीत. त्याची गाडी तुमच्या हातात बंद पडली तर क्लचचा सराव बाकी आहे. बहुतेक वेळा दोन्ही थोडं थोडं निघतं आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. मात्र त्याला बसवण्याआधी टायर आणि ब्रेक तपासा. ते का, हे पुढे येतंच.

तुमच्या गाडीच्या दोषांपेक्षा मला जास्त काळजी वाटते ती त्या दोषांमुळे तुम्हाला लागणाऱ्या सवयींची. चौकात बंद पडते म्हणून तुम्ही काय करत असाल, ते मी न बघता सांगतो. थांबायला येताना उजव्या हाताने ॲक्सिलरेटर थोडा पिळून धरता, इंजिन घुमत ठेवता आणि पायाने मागचा ब्रेक दाबता. बरोबर? उजवा हात ॲक्सिलरेटरमध्ये अडकला म्हणजे पुढच्या ब्रेकवर बोटं जात नाहीत. रोज वीस चौकांत हे केलं की दोन महिन्यांत हाताला पक्कं वळण लागतं: थांबायचं म्हणजे पाय दाबायचा. आणि ज्या दिवशी समोर एखादी मोटार आडवी येईल त्या दिवशीही फक्त पायच दाबला जाईल. गाडीचं वजन ब्रेक लावताना पुढच्या चाकावर येतं, मागचं हलकं होतं. नुसता मागचा ब्रेक दाबला की चाक अडतं, गाडी शेपूट हलवते आणि थांबायची तेव्हा थांबत नाही.

हे अंदाजाने सांगत नाही. अमेरिकेत हॅरी हर्ट यांच्या गटाने लॉस एंजेलिस भागातल्या ९०० मोटरसायकल अपघातांचा जागेवर जाऊन अभ्यास केला आणि १९८१ मध्ये अहवाल दिला. त्यात चालकांची नेमकी हीच चूक पुन्हा पुन्हा दिसली: मागचा ब्रेक जास्त दाबून चाक घसरवलं, पुढचा मात्र कमी वापरला. त्याच अहवालातल्या आणखी दोन गोष्टी तुमच्या कामाच्या आहेत. अपघातात सापडलेल्या निम्म्याहून जास्त चालकांना त्या विशिष्ट गाडीचा पाच महिन्यांहून कमी अनुभव होता, आणि यांचा एकूण रस्त्यावरचा अनुभव मात्र सरासरी तीन वर्षांच्या घरात. म्हणजे मुरलेला माणूससुद्धा दुसऱ्या गाडीवर बसला की काही महिने नवखाच. आणि गाडीच्या बिघाडामुळे झालेले अपघात ३ टक्क्यांहूनही कमी. त्यातलेही बहुतेक पंक्चर होऊन तोल गेल्याचे.

हा शेवटचा आकडा वाचून ‘मग जुन्या गाडीत धोका नाही’ असं म्हणू नका. मी त्याचा अर्थ असा लावतो की गाडी बंद पडण्याची भीती वाटते तेवढी खरी नाही, पण चालवताना निम्मं लक्ष इंजिनच्या आवाजाकडे ठेवणं महागात पडतं. आणि इंजिनआधी टायर बघायचा.

मी जुन्या गाडीतल्या दोषांचे दोनच गट करतो: गाडी बंद पाडणारे दोष आणि तुम्हाला पाडणारे दोष. बंद पाडणारे दोष तुम्हाला घाम काढत ढकलायला लावतात. पाडणारे दोष आवाज करत नाहीत. गाडी मस्त सुरू होते, छान पळते आणि एका वळणावर हिशेब चुकता करते. नवीन मालक हमखास उलट्या क्रमाने जातो: आधी इंजिन, मग रंग, मग सीट, आणि टायर ‘अजून नक्षी आहे की’ म्हणून तसाच.

तर आधी टायर. कडेवर DOT (डॉट) या इंग्रजी अक्षरांच्या ओळीच्या शेवटी चार आकडे दिसतील. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१९ म्हणजे २०१९ सालातला २३वा आठवडा. तिथे तीनच आकडे असतील तर तो टायर २००० सालाआधीचा आहे. मग बाकी काही न बघता काढून टाका, नक्षी नखाएवढी खोल असली तरी. रबर वापरामुळे झिजतं तसं नुसतं पडून राहिल्यानेही कडक होतं, आणि कडक रबर ओल्या रस्त्यावर साबणासारखं सुटतं. नखाने दाबून बघा, दबलं पाहिजे. कडेला आणि नक्षीच्या खाचांत बारीक चिरा असतील तरी तोच निकाल. ट्यूबचा टायर असेल तर हवा भरायचा व्हॉल्व्ह रिममधून सरळ बाहेर आलाय का ते बघा. तिरका झाला असेल तर टायर रिमवर सरकतोय आणि ट्यूब ओढली जातेय. नवा टायर घालताना ट्यूब आणि रिमवरची पट्टी नवीच घाला. जुन्या रिममधली गंजकी स्पोकची टोकं ट्यूबला टोचतात आणि ट्यूबची हवा एकदम जाते. हातासरशी स्पोकही पान्याने टिचकी मारत ऐका. ताणलेला स्पोक खणकन वाजतो, सैल असलेला बद्द.

मग ब्रेक. चांगला ब्रेक कसा लागतो हे तुम्हाला ठाऊक नसणार, आणि अदलाबदल सुचवण्याचं अर्धं कारण हेच. तुमच्या गाडीच्या वयाच्या गाडीला पुढेही बहुधा ड्रम ब्रेक असेल. डिस्क १९६९ च्या होंडा सीबी ७५० बरोबर मोठ्या प्रमाणावर रस्त्यावर आली, पण साध्या गाड्यांवर ड्रम त्यानंतर कितीतरी वर्षं राहिला. ड्रम वाईट नसतो, दुर्लक्षित ड्रम वाईट. ब्रेक पूर्ण दाबला असताना ड्रमवरची छोटी दांडी आणि तिला ओढणारी केबल यांच्यातला कोन काटकोनाच्या पुढे गेला नसावा. गेला असेल तर ड्रमला आतून घासणारे शू झिजलेत किंवा दांडी चुकीच्या दातावर बसवलीय. उघडल्यावर शू आरशासारखे चकचकीत दिसले तर लायनर कडक झालंय. आतली धूळ हवेने उडवू नका, तोंडाने फुंकर तर मुळीच नको. जुन्या शूंमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं. ओल्या फडक्याने टिपून घ्या आणि फडकं पिशवीत बांधून टाका. डिस्क असेल तर ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं, म्हणून दोन वर्षांत बदलायचं. मागच्या मालकाने कधी बदललं हे विचारण्यात वेळ घालवू नका, बदला.

ॲक्सिलरेटर पूर्ण पिळून सोडा. तो आपोआप खटकन परत आला पाहिजे, हँडल सरळ असताना, पूर्ण डावीकडे असताना आणि पूर्ण उजवीकडे असतानाही. एका जरी बाजूला रेंगाळला तरी रस्त्यावर जाऊ नका. केबल चुकीच्या वाटेने गेलीय किंवा आतून उसवलीय. मग इंजिन सुरू ठेवून, न्यूट्रलमध्ये, हँडल दोन्हीकडे वळवा. आवाज चढला तर केबल ताणली जातेय. आवाज बंदच झाला तर काय, ते वर सांगितलंच.

चेन एका जागी नाही, चाक फिरवत चार-पाच जागी तपासा, कारण जुनी चेन सगळीकडे सारखी ताणलेली नसते. जिथे सर्वांत घट्ट असेल तिथला ढिलेपणा धरायचा, साधारण २० ते ३० मिलिमीटर. चेन तुटली तर कधी नुसती गळून पडते, कधी मागच्या चाकात गुंतून चाक जाम करते. तेव्हा क्लच ओढून काही उपयोग होत नाही. पुढचं चाक उचलून हँडल हळूहळू फिरवा. मध्यभागी ‘टक’ करून खाचेत बसल्यासारखं वाटलं तर हँडलचे बेअरिंग गेले. मागचं चाक धरून आडवं हलवा. ते चाक धरणारा स्विंगआर्म डुलला तर त्याचे बुश गेले, आणि वळणावर जी गाडी ‘पोहते’ असं वाटतं ती याचमुळे.

एक गोष्ट कुणी सांगत नाही म्हणून सांगतो. तुमची गाडी कुठल्या देशात आणि कुठल्या काळात घडलेली आहे त्यावर गिअर कुठल्या पायाला आहे हे ठरतं. जुन्या ब्रिटिश गाड्यांना गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला असायचा. अमेरिकेने १ सप्टेंबर १९७४ पासून गिअर डावीकडेच हवा असा नियम केला, आणि तिथे माल विकणाऱ्यांना बदलावं लागलं. तरी उजव्या गिअरच्या गाड्या पुढे कितीतरी वर्षं बनत होत्या. तुमची तशी असेल आणि शिकलात डाव्या गिअरवर, तर शांतपणे चालवताना सगळं जमेल. घाबरलात की पाय जुन्या जागी जाईल, ब्रेकऐवजी गिअर दाबला जाईल. तशी असेल तर माझं मत सरळ आहे: पहिलं वर्षभर ती गाडी चालवू नका.

आता तुमचे दोन दोष, बंद पडण्याचे. ते वेगळे आहेत, एकत्र मोजू नका.

चौकात बंद पडणं. म्हणजे ॲक्सिलरेटर सोडला की इंजिन धरत नाही. कार्ब्युरेटरमध्ये आयडलिंगचं (उभ्या गाडीचं इंजिन संथ फिरत राहण्याचं) पेट्रोल ज्या छोट्या जेटमधून येतं त्याचं भोक अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक असतं. गाडी काही महिने उभी राहिली की पेट्रोल सुकून त्यात चिकट थर बसतो. मोठा जेट मोकळा असतो, म्हणून वेगात गाडी छान पळते आणि थांबलं की मरते. जेट काढा, उजेडाकडे धरा, भोक गोल दिसलं पाहिजे. कार्ब्युरेटर क्लीनरने आणि हवेने साफ करा. पोलादी तार घालून खरवडलात तर भोक मोठं होईल आणि मग तो जेट फेकून द्यायच्या लायकीचा. कार्ब्युरेटर आणि इंजिन यांच्यातलं रबर चिरलं असेल तर तिथून फालतू हवा आत जाते आणि आयडलिंग वरखाली होतं. हे दोन्ही नीट असल्याशिवाय आयडलिंगचा स्क्रू पिळून वेग वाढवू नका. तो इलाज नव्हे, खोकल्यावर पेपरमिंट आहे.

गरम झाल्यावर बंद पडणं. इथे तुम्हाला डिटेक्टिव्ह व्हावं लागेल, आणि पुरावा फक्त पहिल्या दोन मिनिटांत मिळतो. बंद पडली की रस्त्याच्या कडेला, सुरक्षित जागी घ्या आणि सर्वांत आधी टाकीचं झाकण उघडा. ‘फुस्स’ करून हवा आत गेली तर झाकणातलं बारीक भोक तुंबलंय. टाकीत निर्वात होतो, पेट्रोल उतरत नाही, काही मिनिटांनी हवा कुठूनतरी झिरपते आणि गाडी पुन्हा सुरू होते. वाट बघण्यामुळे सुरू झाली, थंड होण्यामुळे नाही. एका सुईने सुटणाऱ्या या दोषापायी लोकांनी कॉइली (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारा भाग) बदललेल्या मी पाहिल्यात.

फुस्स झालं नाही, तर प्लग काढा. हात भाजेल, जाड फडकं घ्या. प्लग कोरडा असेल तर पेट्रोल येत नाही. ओला असेल तर पेट्रोल येतंय, ठिणगी नाही. ठिणगी बघायची तर प्लग टोपीत बसवा, त्याचं लोखंडी अंग इंजिनला टेकवा, किल्ली चालू करा आणि किक मारा. मात्र काढलेल्या प्लगच्या भोकापासून आणि सांडलेल्या पेट्रोलपासून लांब, कारण तिथे वाफ असते आणि ठिणगी तिला विचारत नाही. निळी, जोरकस ठिणगी हवी. पिवळी, मरतुकडी असेल किंवा नसेलच, तर कॉइल आणि पॉइंटना जोडलेला कंडेन्सर हे दोन संशयित. दोघेही थंड असताना सभ्यपणे वागतात आणि तापले की दगा देतात. पॉइंट उघडताना त्यांच्यात मोठाली पिवळी ठिणगी उडत असेल आणि तोंडं जळकी असतील तर आधी कंडेन्सर. तो लहानसा डबा आहे, स्वस्त आहे, आणि तसाही बदलायला झालाच असेल.

पॉइंटचं अंतर बहुतेक गाड्यांवर ०.३५ ते ०.४० मिलिमीटरच्या आसपास असतं, तुमच्या गाडीचा नेमका आकडा तिच्या पुस्तिकेतून घ्या. पॉइंटची टाच झिजत जाते तसं अंतर कमी होतं, त्यासरशी ठिणगीचं टायमिंग मागे पडतं आणि इंजिन जास्त तापतं. म्हणजे ‘गरम झाल्यावर’ या तक्रारीचं मूळ कधीकधी थंड असतानाच्या या अर्ध्या मिलिमीटरहून कमी अंतरात असतं. एक सवय आत्ताच लावून घ्या: इंजिन बंद पडलं की किल्ली बंद. विचार करत उभं राहताना किल्ली चालू असली आणि पॉइंट नेमके मिटलेले असले तर कॉइलमधून सतत करंट वाहतो. आधीच तापलेली कॉइल आणखी भाजते आणि बॅटरी उतरते ती वेगळीच.

ठिणगीही चांगली, पेट्रोलही आहे, तरी सुरू होत नाही, आणि गरम असताना किक लोण्यासारखी मऊ लागते? मग टॅपेट, म्हणजे इंजिनचे व्हॉल्व्ह ढकलणारे भाग. व्हॉल्व्हचं अंतर कमी ठेवलं असेल तर तापल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही, दाब निसटतो, थंड झालं की परत मिटतो. हलकी टिकटिक करणारे टॅपेट मला चालतात. अगदी गप्प असलेले टॅपेट बघितले की मी फिलर गेज (बारीक अंतर मोजायच्या पातळ पट्ट्या) काढतो. हे अंतर इंजिन पूर्ण थंड असताना मोजायचं, एका रात्रीनंतर.

बॅटरीही तपासा, मल्टिमीटर असेल तर मिनिटाचं काम आहे. १२ व्होल्टची बॅटरी शांत असताना १२.६ च्या आसपास हवी आणि इंजिन मध्यम वेगात फिरवल्यावर १४ च्या जवळपास. चढतच नसेल तर चार्जिंग नाही. १५ च्या वर जात असेल तर चार्जिंग आवरणारा रेग्युलेटर गेला आणि तो बॅटरी शिजवतोय. गाडी सहा व्होल्टची असेल तर आकडे निम्मे धरा. वायरिंगमध्ये नवीन भाग टाकण्याआधी फ्रेमला जोडलेल्या अर्थच्या वायरी सोडवून, घासून, परत घट्ट करा. रंगाच्या थरावर बसवलेली अर्थिंग ही जुन्या गाडीतली निम्मी भुताटकी असते.

काम करताना एका वेळी एकच गोष्ट बदला आणि वहीत लिहून ठेवा: तारीख, काय केलं, किती मिनिटं चालली, बंद पडली तेव्हा प्लग ओला की कोरडा. प्लग, कॉइल, कंडेन्सर आणि जेट एकाच दुपारी बदलले आणि गाडी नीट झाली, तर काय बिघडलं होतं हे कधीच कळणार नाही. नवा भागसुद्धा खराब निघतो, म्हणून चालणारा जुना भाग लगेच फेकू नका. गाडी जपानी असेल तर फुलीच्या स्क्रूंसाठी जपानी मापाचा स्क्रू ड्रायव्हर घ्या. साधा फिलिप्स त्यांच्यात पूर्ण बसत नाही, घसरतो आणि डोकं खातो. जुन्या ब्रिटिश गाडीवर मिलिमीटरचे पाने ठोकून बसवू नका, तिथे व्हिटवर्थ या जुन्या ब्रिटिश पद्धतीची मापं असू शकतात.

रस्त्यावर इंजिन गेलं तर काय करायचं याचाही सराव करा, मैदानात, मुद्दाम किल्ली बंद करून. क्रम असा: क्लच ओढा, मान फिरवून मागे बघा, इशारा द्या, वेगाच्या जोरावर कडेला या. आधी क्लच. इंजिन नुसतं बंद पडलं असेल तर मागच्या चाकाला बसणारा हिसका थांबतो, आणि जाम झालं असेल तर चाक मोकळं होतं. दहा वेळा केलंत की अकराव्यांदा खऱ्या वेळी छातीत धस्स होणार नाही. किकचा मोह मात्र कडेला पोचेपर्यंत आवरा. रस्त्याच्या मध्यात उभं राहून किका मारणारे नवशिके मी फार पाहिलेत, आणि मागून येणाऱ्याला त्यांची घाई समजत नाही.

राहिला प्रश्न विकण्याचा. ‘जुन्या गाडीवर शिकलास तरच खरा चालक होशील’ असं सांगणारे भेटतील. त्यांचं ऐकू नका. जुन्या गाडीवर माणूस दुरुस्ती शिकतो. चालवणं शिकायला न कुरकुरणारी गाडी लागते. रोज कामावर जायला ही एकच गाडी असेल तर घाईच्या दिवशी तुम्ही ब्रेकचं दुखणं ‘उद्या बघू’ म्हणून ढकलाल, सगळेच ढकलतात. तेव्हा विका, किंवा झाकून ठेवा आणि साधी भरवशाची गाडी घ्या. दुसरी गाडी हाताशी असेल, आणि फ्रेमला तडा किंवा ठिकठिकाणी वेल्डिंग नसेल, आणि तुमच्या गाडीचे पॉइंट, केबली, ब्रेक शू, रबरी भाग अजून मिळत असतील, तर ठेवा. जुनी आणि दुर्लक्षित या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुम्ही सांगितलेल्या लक्षणांवरून मला तुमची गाडी म्हातारी कमी आणि उपाशी जास्त वाटते. विकणाऱ्याची ‘सवय व्हावी लागते’ ही भाषा मी फार ऐकलीय, आणि सवय होण्यासारखं त्यात काही नसतं. नीट लावलेली ३५ वर्षांची एका सिलिंडरची गाडी चौकात अर्धा मिनिट शांतपणे टुकटुक करत उभी राहते.

तर तूर्त एवढंच करा. टायरवरचे आकडे वाचा. स्टँडवर इंजिन सुरू ठेवून हँडल दोन्हीकडे वळवा. आणि पुढच्या वेळी गरम होऊन बंद पडली की किल्ली बंद, झाकण उघडा, मग प्लग. फुस्स झालं का, आणि प्लग ओला होता की कोरडा, हे कळवा. मग कॉइलकडे जायचं की टाकीकडे ते ठरवू.